कागदावरची मामी

चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता, पण वहिनीने तो वर सरकवला नाही. वाचायचं ते वाचून झालं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वकीलबाईंच्या कचेरीतून आलेली दोन पानं पडली होती, आणि पहिल्याच पानावर, अर्जदार म्हणून मुलाचं नाव संपलं तिथे, तिच्या नावापुढे स्वच्छ छापलं होतं… अर्जदाराची मामी.

“मामी,” ती म्हणाली. नवी कवळी बसवल्यावर माणूस एकेक घास जपून चावतो, तसा तिने तो शब्द पुन्हा उच्चारला. “मामी. बरं आहे.”

मुलगा टेबलाच्या पलीकडे उभा होता. लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावरून तसाच आला होता, मनगटावर ग्रीसचा काळा पट्टा होता, आणि बसावं की उभं राहावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“आई, ती कायद्याची भाषा आहे. तसंच लिहावं लागतं.”

“मग मला आई कशाला म्हणतोस? मामी म्हण.”

“जेवण झाल्यावर बोलूया का?”

“मामीच्या हातचं जेवशील?”

त्याने मान खाली घातली. लहानपणी मार चुकवताना घालायचा तश्शी. त्या एवढ्याशा हालचालीने तिच्या अंतःकरणात काहीतरी कळवळून उठलं, आणि ते उठलेलं तिला मुळीच नको होतं, म्हणून तिचा संताप आणखी चढला. तिने ती पानं उचलली, उशीचा अभ्रा घडी करावा तशी काठाला काठ जुळवून चौघडी केली, घडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि ती त्याच्या शर्टाच्या खिशात घातली.

“परत देऊन ये. मी सही करणार नाही.”

तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली दादा म्हणायची, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. दादा बसचा चालक होता; स्टिअरिंगवर असतानाच एक दिवस छातीत कळ आली, त्याने बस नीट कडेला लावली, प्रवाशांना उतरवलं आणि मग मान टाकली. नवरा गेला, नाव मात्र तिच्याकडे राहिलं. आणि हा मुलगा राहिला. त्याला तिने जन्म दिला नव्हता. तो दादाच्या थोरल्या बहिणीचा, तिच्या नणंदेचा. नणंद ऐन तारुण्यात विधवा झाली, शिलाईच्या कारखान्यात दिवसभर यंत्रापुढे वाकून बसायची, आणि पदरात हे चालू लागलेलं पोर. त्याच सुमारास दादाला या परक्या देशात नोकरी मिळाली. मूल होण्याची आशा डॉक्टरांनी आधीच सोडायला लावली होती. तेव्हा नणंदेनेच विचारलं होतं… “याला तुमचा म्हणून न्याल का?”

आता तो मुलगा या देशाचा नागरिक होता, नणंद तिकडे एकटी म्हातारी झाली होती आणि त्याला तिला इथे आणायचं होतं. त्यासाठी त्याने कोर्टात जाऊन आपलं दत्तकपण मोडून घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे वहिनीला. तिला मोडून घ्यायचं ठरवलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यात तिच्यापुढे उभं राहायची कुणाची छाती झाली नाही. शहरातल्या दोन इस्पितळांच्या चादरी तिथे यायच्या. मोठ्या रोलरमधून कडक होऊन बाहेर पडायच्या आणि दोन-दोन बायका समोरासमोर उभ्या राहून त्यांच्या घड्या घालायच्या. वहिनीच्या समोर असायची ती बारीक चणीची, अखंड बोलणारी, जिला सगळे चिमणी म्हणत. वहिनी आज चादरीला असा हिसका देत होती, की चिमणी दोनदा पुढे ओढली गेली.

“हळू गं. हात उपटून घेशील माझा. झालंय काय?”

वहिनीने सांगितलं. वाफेच्या फुसफुसाटावर आवाज चढवून, तुटक तुटक, प्रत्येक घडीला एक वाक्य.

“एवढंच ना?” चिमणी म्हणाली. “अगं, कागद तर आहे नुसता. घरात तर तूच राहणार आहेस.”

“मग तुझ्या लग्नाचा कागद फाडून टाक की. घरात तर तूच राहणार आहेस.”

“माझा नवरा कधीचा वाट बघतोय त्याची,” चिमणी म्हणाली, पण वहिनी हसली नाही, तेव्हा तिनेही चादरीचा काठ मुकाट्याने जुळवला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत वहिनी एप्रनवरच वकीलबाईंच्या कचेरीत जाऊन थडकली. वकीलबाई तरुण होती, तिच्या टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं आणि वहिनीला पाहताच तिने ते खणात टाकलं.

“मला उलगडून सांगा,” वहिनी खुर्चीत न बसता म्हणाली. “तो नागरिक आहे. ती त्याला जन्म देणारी. मग माझं नाक मध्ये कापायचं कशाला?”

“नागरिकाला आपल्या आईला बोलावता येतं,” वकीलबाई सावकाश म्हणाली. “पण कायदा म्हणतो, दत्तक गेला त्या दिवशी जन्माचं नातं संपलं. त्याच्या आत्या व्हिसाच्या दृष्टीने त्याच्या कुणीच नाहीत. भावाला बहिणीला बोलावता येतं. दादांनी तो अर्ज केलाही होता. पण ती रांग फार लांब असते, आणि अर्ज करणारा गेला की अर्जही जातो.”

“म्हणजे दादा मेले, तर बहीणही मेली.”

“कायद्यापुरती.”

“आणि आता?”

“एक वाट आहे. दत्तकपत्र दोघांच्या संमतीने रद्द झालं आणि जन्माचं नातं कोर्टाने पुन्हा जोडलं, तर त्या त्याच्या आई होतात. त्याचं नागरिकत्व जात नाही, ते मी तपासलंय. पण दोन्ही एकदम नाही चालत.”

“हे नियम करतात त्यांना आई म्हणजे काय बसमधली सीट वाटते का?” वहिनी म्हणाली. “एक उठल्याशिवाय दुसरीने बसायचं नाही?”

वकीलबाईने समोरची फाईल मिटली. कायदा तिने केला नव्हता, हे वहिनीला समजत होतं. पण ज्याने केला त्याचं तोंड कुठे दिसणार होतं? रागाला समोर माणूस लागतं, आणि समोर ही सफरचंद लपवणारी पोरगी होती.

“गोवर झाला तेव्हा मी त्याच्या अंगावर ओलं फडकं फिरवत बसले होते. शाळेत परक्या भाषेत त्याला चिडवायचे, तेव्हा त्यांच्या घरी जाऊन मोडक्यातोडक्या बोलीत भांडून आले. आज बत्तीस वर्षांचा घोडा झालाय, लग्नाचं काढलं की याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, तरी सकाळी डबा मीच भरते. आणि मी सही करून द्यायची, की मी याची मामी.”

“तुमची इच्छा नसेल तर कुणी जबरदस्ती करू शकत नाही, वहिनी.”

“तेच तर,” वहिनी म्हणाली आणि दार आपटून निघाली. तेच तर दुष्टपणाचं होतं. जबरदस्ती केली असती तर निदान लढता आलं असतं.

*

मुलाने पुन्हा विषय काढला नाही. तो जेवायचा, ताट धुवायचा, “येतो” म्हणून कामाला जायचा. आणि त्या गप्प बसण्यात एवढी समजूतदार माया होती, की वहिनीला ती शिवीसारखी लागायची. दर रविवारी तो आत्याला फोन करायचा. पूर्वी बैठकीत बसून करायचा, आता जिन्यात जाऊन करू लागला.

त्या रविवारी ती कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली, तर तो पायरीवर पाठमोरा बसला होता, आणि फोनमधून नणंदेचा नव्हे, दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज येत होता. शेजारीण होती. दार फोडून आत गेलो, ती सांगत होती. न्हाणीघरात पडल्या होत्या, कधीपासून कोण जाणे, ओठ निळे पडलेले… मग झटापट झाल्यासारखा आवाज झाला आणि नणंदेने फोन आपल्याकडे ओढून घेतला.

“काही नाही रे, पाय सरकला. हिला उगाच बडबडायची सवय. आणि हे बघ, वहिनीला सांगू नकोस. तिला वाटेल, मी इकडून तुला ओढायला दोर टाकतेय.”

वहिनी कचऱ्याची पिशवी हातात धरून उभीच राहिली. काय हा माज, ती मनात म्हणाली. न्हाणीघरात निळी पडली तरी वहिनीला सांगू नकोस. आयुष्यभर हे असंच. दादाला फोन, मुलाला फोन, आणि वहिनी फोनवर आली की “बरं आहे, ठेवते.” एवढी वर्षं त्या बाईने तिला दोन वाक्यांच्या वर दिलं नव्हतं; आणि आता मरायलासुद्धा तिची परवानगी नको होती.

मुलाने वळून पाहिलं. “आई… तू कधी आलीस?”

“आण तो कागद.”

“नको. मी सांगितलंय वकीलबाईंना, राहू दे म्हणून.”

“तुला विचारलं का मी? ती तिथे एकटी पडून मेली, तर जन्मभर माझ्या छातीवर बसेल. जिवंतपणी बोलली नाही, मेल्यावर गप्प बसायची नाही. आण म्हणते ना.”

तिने सही केली ती अशी. त्यात काही उदात्त नव्हतं. होता तो नुसता राग. सहीचं शेवटचं अक्षर कागद फाडून खालच्या प्लास्टिकच्या आच्छादनावर उमटलं.

तिच्या सहीची प्रत नणंदेकडे गेली, कारण तिचीही संमती लागत होती. ती सही होऊन लगोलग परत आली. सोबत एक ओळ नाही, फोन नाही.

“बघितलंस?” वहिनी म्हणाली. “टपूनच बसली होती.”

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी वकीलबाईने फोन करून बजावलं, की खोटं काही बोलायचं नाही, ती मामी आहे हे खरंच आहे. पण न्यायाधीशांसमोर त्याच्या तोंडून ‘आई’ अशी हाक गेली, तर ते विचारतील की मग मोडायचं काय राहिलं, आणि अर्ज तिथेच पडेल. तेव्हा सवय करून घ्या.

म्हणून ती दोघं स्वयंपाकघरात सवय करून घ्यायला बसली. वहिनीने खुर्ची मधोमध ओढली, चष्मा चढवला आणि हातात आमटीचा डाव घेतला.

“मी न्यायाधीश. ही शेजारी बसलेली बाई तुमची कोण?”

“ही माझी आ…”

डाव टेबलावर आपटला. “पुन्हा.”

“माझी… मामी.”

“मध्ये थांबलास. थांबायचं नाही. ही बाई कोण?”

“मामी.”

“लहानपणापासून तुम्ही कुणाकडे वाढलात?”

“आईकडे. म्हणजे… बघ, होत नाही हे. आई, मला नाही जमत.”

“ठोंब्या, पन्नास वेळा सांगितलं. मामी म्हण.”

“माझ्या तोंडातून येत नाही ते.”

“आलंच पाहिजे. मी तुझी आई नाही. मी मामी आहे, मामी म्हण. म्हणल्याशिवाय उठायचं नाही इथून.”

एवढा मोठा बाप्या, त्याचे डोळे भरून आले, त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि तिने तो डावाच्या दांड्याने बाजूला सारला… आणि तो सारताना तिचा हात हवेतच थांबला. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. असंच. अगदी असंच.

तीसेक वर्षांपूर्वी दादा पुढे निघून आला होता आणि ती मागे राहिली होती, कारण इथल्या नियमाप्रमाणे नात्यातलं मूल दत्तक घेऊन आणायचं, तर आधी दोन वर्षं ते दत्तक आईच्याच सांभाळात असायला हवं होतं, आणि जन्म देणारी त्या घरात राहता कामा नये. घर म्हणजे नणंदेची एक खोली. तिथे मूल रुळलेलं, म्हणून वहिनी तिथे राहायला आली आणि नणंद स्वतःच्या खोलीतून उठून कारखान्याच्या कपडे ठेवायच्या माळ्यावर निजायला गेली. चौकशीला माणूस यायचा. कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून नणंद अर्ध्या सुट्टीच्या दिवशी पाहुणीसारखी यायची, आपल्याच दाराबाहेर चप्पल काढायची आणि उंबऱ्यातच बसायची.

पोर “आई” म्हणून तिच्याकडे झेप घ्यायचं. ती दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरून त्याला लांब ठेवायची. “आई आत आहे. मी आत्या. आत्या म्हण.” ते रडायचं, पाय आपटायचं, तिच्या पदराला लोंबकळायचं. ती हलायची नाही. “आत्या म्हण, मग घेते.” शेवटी हुंदके देत देत ते म्हणायचं, आ…त्या; आणि मगच ती त्याला उचलायची.

वहिनी आत स्टोव्हपाशी असायची. किती निष्ठुर बाई, असं तिला वाटायचं. दगडाचं काळीज. पोटच्या पोराला कुणी असं ढकलतं? तिने ते दादाला फोनवर सांगितलंही होतं… तुमच्या बहिणीला माया म्हणून नाही.

डाव हातातून गळून फरशीवर पडला.

“आई? काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “पुन्हा म्हण. नीट म्हण. तिने तुला एवढंसं असताना शिकवलं… मला एवढ्या मोठ्याला शिकवता येत नाही.”

*

न्यायाधीशांना पडसं झालं होतं. खोली लहान, वर पंखा, भिंतीला कपाटं, आणि ते दर वाक्यानंतर रुमाल नाकाला लावत होते. त्यांनी अर्ज चाळला आणि मुलाकडे पाहिलं.

“या बाई आपल्या कोण?”

“मामी,” मुलगा म्हणाला. थांबला नाही, अडखळला नाही. वहिनीच्या उरात सुरी फिरावी तसं झालं, आणि त्याच क्षणी, पहिलीत कविता न चुकता म्हणून दाखवली होती तेव्हा वाटलं होतं तेच वाटलं… शाबास.

“बाई, आपली संमती स्वखुशीने आहे ना?”

“स्वखुशीने नाही,” वहिनी म्हणाली. वकीलबाईने डोळे मिटून घेतले. “रागाने आहे, साहेब. तुमच्या नियमांचा राग आहे. एक मूल आणि दोन आया, हे तुमच्या कागदात मावत नाही, त्याचा राग आहे. पण संमती माझी स्वतःची आहे. कुणी द्यायला लावलेली नाही.”

न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला आणि पेन उचललं.

“रागाला इथे रकाना नाही, बाई,” ते म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती. “मी ‘संमती आहे’ एवढंच लिहितो.”

बाहेर आल्यावर मुलगा कोर्टाच्या पायरीवर मटकन बसला आणि तोंड हातांत लपवून रडू लागला. “आई,” तो म्हणाला, “आई…”

“इथे नको,” ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. “शिपाई बघतोय. बसमध्ये म्हण.”

*

त्यानंतर तपासण्या, शिक्के, मुलाखती यांत वर्ष उलटून गेलं. त्या वर्षात वहिनीने मनाशी एक गोष्ट ठरवली आणि कुणाला सांगितली नाही. चिमणीच्या ओळखीने धुलाईखान्याच्या वरची एक खोली तिने घेतली. खिडकीतून वाफ यायची, पण एका माणसाला पुरेशी होती. ज्या घरात मुलाची कायदेशीर आई राहायला येणार, तिथे मामीने खाट अडवून बसायचं नाही. नणंद गेली होती ना माळ्यावर? मग आपणही जाऊ. तिच्याहून कमी पडायचं नाही. हा त्याग होता की सूड, हे तिला विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा दोन्ही एकाच घडीत दुमडलेले होते.

नणंद येणार त्या दिवशी मुलगा विमानतळावर गेला. वहिनीला काम होतं. तिला काम नव्हतं. तिने भात टाकला, भाजी झाकून ठेवली, आपली खाट झटकून धुतलेली चादर घातली, औषधांसाठी उशाशी स्टूल ठेवलं आणि बॅग दाराशी आणून ठेवली. ती येतील, आपण “या” म्हणू, आणि निघू.

दार उघडलं. नणंद वाळून एवढीशी झाली होती. हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगं. पण त्या भिंगांमागून तिने वहिनीला पाहिलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

“या, वन्सं.”

“येते कसली. आधी उत्तर दे. तुला पोर जड झालं होतं का?”

वहिनीला कळेना. “काय?”

“तुझी सही आली माझ्याकडे. मी म्हटलं, वहिनी सही करते? जिने दोन वर्षं त्याला छातीशी धरून निजवलं, ती? मग मला वाटलं, कंटाळली असेल. दादा गेला, आता हिला कुणाची भीड. तू टाकलास असं वाटलं म्हणून मी उचलला. आख्ख्या प्रवासात तेच घोळवत आले… की पहिल्यांदा हिला जाब विचारायचा. मूल म्हणजे काय मापात न बसलेला सदरा आहे, परत पाठवायला?”

“मी टाकला?” वहिनीचा आवाज चिरला. “तुम्ही न्हाणीघरात पडलात, आणि वहिनीला सांगू नकोस म्हणालात. काय करायला हवं होतं मी? तुम्ही मेल्याचा फोन यायची वाट बघायची होती? दोन्ही चालत नव्हतं, वन्सं. विचारा त्या वकीलबाईला. तुम्हाला आणायचं तर मला उठावं लागत होतं.”

“आत्या,” मुलगा मागून म्हणाला, “आईने तुझ्यासाठी…”

“तू गप,” दोघी म्हणाल्या.

नणंद काठी टेकत दोन पावलं आत आली. तिची नजर खाटेवरच्या नव्या चादरीवरून फिरली, स्टुलावरून फिरली आणि दाराशी ठेवलेल्या बॅगेवर येऊन थांबली.

“ही माझी नाही.”

“माझी आहे.”

“कुठे निघालीस?”

“धुलाईखान्याच्या वर खोली आहे. मी राहीन तिथे. येत जाईन सुट्टीच्या दिवशी.” आणि तिच्याने राहवेना म्हणून ती म्हणाली, “तुम्ही यायचा तशी.”

मुलगा बॅगेकडे बघतच राहिला. त्यालाही हे नवीनच होतं. नणंदेने काठी भिंतीला टेकवली आणि ती खाटेच्या कडेला बसली. मग बोलू लागली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता, पण राग गेला नव्हता. तो खूप जुना राग होता. एवढी वर्षं न वापरता ठेवलेला, तरी धार न गेलेला.

“मी त्या दिवशी बोचकं बांधलं, आठवतंय? तू दाराशी उभी होतीस, कडेवर हा होता. मला नियम माहीत होता. मी गेलेच असते. कुणी पाय धरले असते तरी गेले असते, त्याचं भलं व्हायचं होतं. पण तू एकदा म्हणायला हवं होतंस, थांबा म्हणून. खोटं का होईना. माझं घर, माझं पोर, आणि मी बाहेर पडतेय, आणि कुणी थांबा म्हणालं नाही. तू म्हणालीस, संध्याकाळ व्हायच्या आत निघा, तो चौकशीवाला येईल.”

वहिनीला ते वाक्य आठवतही नव्हतं. एवढी वर्षं ती नणंदेचा अबोला हिशेबात धरत आली होती, मत्सर म्हणून, ताठा म्हणून, दगडाचं काळीज म्हणून. आणि त्याच्या तळाशी हे होतं… तिनेच घाईघाईत, भीतीपोटी, स्वतःच्या नकळत उच्चारलेलं एक वाक्य.

“मी घाबरले होते, वन्सं,” ती म्हणाली. “तुम्ही मागे फिराल अशी भीती वाटली होती. थांबा म्हटलं असतं, आणि तुम्ही थांबला असता तर? मग माझ्याकडे काय राहिलं असतं?”

“ते कळत होतं मला. तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त राग आला.”

वहिनी पुढे झाली, तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यांवर कपाळ टेकलं. नणंदेने हात उचलला नाही. ती ताठ बसून राहिली, फक्त तिच्या जाड भिंगांखालून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

“चुकलं माझं,” वहिनी म्हणाली. “फार चुकलं.”

मग वहिनी उठली, पदराने तोंड पुसलं आणि बॅगेकडे गेली. आता तर जायलाच हवं, असं तिला वाटत होतं. एवढं ऐकल्यावर या खाटेवर तिने कोणत्या तोंडाने निजायचं? तिने बॅगेचा पट्टा धरला. मुलगा पुढे आला, पण काय म्हणून हाक मारावी तेच जणू त्याच्या ध्यानात येईना.

“वहिनी,” नणंद म्हणाली.

वहिनी वळली नाही.

“माझ्यावर नियमाची बळजबरी होती. तुझ्यावर कुणाची आहे? सरकारने मला त्याची आई केलं, करू दे. माझी जीभ आता वळायची नाही आणि त्याचीही वळवायची नाही. मी आत्याच. या वयात मला नवं नातं शिकायला लावू नकोस.” ती काठीसाठी चाचपडली, काठी सापडली नाही, तशीच खाटेच्या कडेला धरून उठली आणि डुगडुगत दारापर्यंत आली. तिने बॅगेच्या पट्ट्यावरचा वहिनीचा हात धरला. शिवणकामाने वाकडी झालेली बोटं होती, पण पकड घट्ट होती.

“थांब,” ती म्हणाली. अजूनही रागानेच. “मी म्हणतेय. थांब.”